फळ्यावर चार ऑक्टोबर

रायबंदरची सातची फेरीबोट चुकली
की माझा फळा माझ्याआधी भरू लागतो.
आज चुकली. तोवर पाळीच्या मुलीने,
दक्षता मांद्रेकर, इयत्ता सातवी,
'दिनविशेष' लिहून खाली दुहेरी रेघ ओढली होती
आणि खडू कानावर अडकवून उभी होती,
सुतार पेन्सिल अडकवतो तशी.

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली.

सत्तावन्न साल : पहिला कृत्रिम उपग्रह.
त्र्याऐंशी किलोंचा गोळा, चार लांब मिशा,
शहाण्णव मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी.
"आमच्या फेरीपेक्षा वेळेवर," मागच्या बाकावरून कोणीतरी.

अठ्ठावन्न : तिकीट काढलेली माणसं
जेट विमानात बसून अटलांटिक ओलांडून गेली.
तेव्हा इथे चोडणात
कंदिलाच्या काचा राखेने पुसत असतील.

एकोणसाठ : एक यान निघालं
चंद्राची पाठ बघायला.
स्वतःच्या पाठीवरचा तीळ
दुसऱ्याने सांगावा लागतो, तसं काहीसं.

आणि पंधराशे ब्याऐंशी.
वर्षाचं माप अकरा मिनिटांनी ढिलं निघालं होतं,
ती मिनिटं शतकं साठत साठत
दहा दिवसांचा गाळ झाला होता.
रोमने तो उपसला.
गुरुवारी चार तारखेला माणसं झोपली
ती शुक्रवारी उठली पंधराला.

ही बातमी लिस्बनहून गलबतात चढली,
वारा मिळेल तशी आली,
आणि गोव्याने आपले दहा दिवस गाळले
एक वर्ष उशिरा, पण याच तारखेनंतर.
असं वाचलंय मी.
म्हणजे वर्षभर राजाच्या घरी एक तारीख
आणि मांडवीच्या धक्क्यावर दुसरी.

खडू थांबला.
"सर, मदल्या दिसांचें कितें जालें?"
काही नाही, म्हटलं, ते दिवस नव्हतेच.
"पाच ते चौदा? सगळे रिकामे?"
सगळे.
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
बाहेर खाजन, कोरगूट पिकून ओणवं झालेलं,
बांधापलीकडे भरती लागलेली.

मधल्या सुट्टीनंतर आलो तर
दुहेरी रेघेखाली मजकूर वाढला होता.

५ ऑक्टोबर १५८३ : आमच्या बांधाला पहिली मानस बसली.

लाकडी झडप. भरतीचं पाणी
स्वतःच्याच जोराने ती मिटून घेतं.
ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं.
वीज लागत नाही, पहारा लागत नाही.
चंद्र लागतो, तो आहे.

६ ऑक्टोबर : खाऱ्या पाण्यात न मेलेलं भात
कोणीतरी बियाण्याला वेगळं ठेवलं.

७ ऑक्टोबर : कोणाला तरी शिंपल्यातून उजेड येताना दिसला.
खिडकी झाली.

९ ऑक्टोबर : आमच्या वाड्यावर वीज आली.
(बाबा म्हणतो, त्या दिवशी म्हैस व्यालेली. तारीख आठवत नाही.)

बाकीचे दिवस तिने कोरे सोडले होते.

मी विज्ञानाचा मास्तर. वीस वर्षं सांगतोय,
पुरावा असेल तर लिही, नसेल तर पुसून टाक.
विचारलं, या तारखा कोणी सांगितल्या?
"कोणीच नाही. कोणी लिहून ठेवल्या नाहीत
म्हणून तर तिथे घातल्या, सर.
तिथे जागा आहे."

शेवटच्या घंटेला आग्नेल डस्टर घेऊन दारात.
त्याला म्हटलं, राहू दे, उद्या.
"उद्या पाच तारीख," तो म्हणाला. "नवं लिहावं लागेल."
लिहू, म्हटलं.

मग एकटा उभा राहून ओळी तपासल्या, सवयीने.
एकच चूक. 'मानस'मधल्या न-च्या जागी
तिने ण लिहिला होता :
आमच्या बांधाला पहिली माणस बसली.

खडू उचलला.
खाली फेरीबोटीचा भोंगा वाजला,
तो ठेवून दिला.